बास नावाचा मासा

माझ्या उजव्या हाताची तर्जनी आता पुरती मिटत नाही. मूठ वळली की ती एकटी बाहेर राहते, वर्गात उत्तर येतंय म्हणून बोट वर केलेल्या मुलीसारखी. ऑफिसात कुणी विचारलं तर मी सांगते, मासा चावला. लोक हसतात. कॅनडात, मिसिसागाच्या विमानतळाजवळच्या गोदामात बसून ट्रकांच्या वेळा लावणाऱ्या बाईला मासा कशाला चावेल, असं त्यांना वाटतं. मग मी बोट पुढे करते, त्यावरची वेडीवाकडी पांढरी खूण दाखवते, आणि त्यांचं हसू जागच्या जागी विरतं. पण खरं सांगायचं तर मला हादरवलं ते माशानं नाही. मला हादरवलं एका शब्दानं, आणि तो शब्द मी जन्मल्यापासून ऐकत आले होते.

मी वसईची, ख्रिस्ती कोळ्यांच्या घरातली. बाबा तांडेल होते. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. किनाऱ्यावर त्याला बायको बोलेल, शेजारी बोलतील, पण होडी एकदा पाण्यात गेली की त्याचाच शब्द चालतो. आई टोपली घेऊन बाजारात बसायची. मासे आणायचे पुरुषांनी, विकायचे बायकांनी, आणि दोघांच्या मधे ओल्या वाळूची एक रेघ होती. नऊ वर्षांची असताना मी ती ओलांडली. होडी सुटायच्या वेळी मागून चढले आणि जाळ्याच्या ढिगाआड बसून राहिले. बाबांनी मला पाहिलं, बगलेत हात घालून उचललं आणि वाळूत आईच्या टोपलीशेजारी नेऊन ठेवलं. "हिची जागा इथं," एवढंच म्हणाले. खलाशी हसले. मला दुःख झालं नाही, राग आला. तो राग पुढे माझ्याबरोबर विमानात बसून कॅनडाला आला.

आमच्यात बापाला तोंडावर 'तू'च म्हणतात. लिहिताना मात्र हात आपोआप 'ते'कडे वळतो, तेव्हा इथं बाबा दोन्ही प्रकारांनी येतील.

कॅनडात आल्यावर बरीच वर्षं मी पाण्याकडे फिरकलेच नाही. नोकरी, बेसमेंटमधली पहिली खोली, मग काँडोतला स्वतःचा फ्लॅट, मुलीच्या शाळा. मुलगी शिकायला दुसऱ्या गावी, किचनरला गेली आणि शनिवार रिकामे पडले. नवऱ्याला शनिवारी झोप प्रिय. मी एकटीच गाडी काढून उत्तरेला जायला लागले, आणि अशीच एकदा अडीच तासांवरच्या एका तळ्याशी पोचले. तळं म्हणजे आपल्याकडचं तळं नव्हे. पलीकडचा काठ डोळे बारीक करून पाहावा लागतो. काठावर एक म्हातारा होड्या भाड्यानं देत असे. त्यानं मला नावाडी समजून होडी दिली, मी वल्ही उलटी धरली, आणि त्याला माझी दया आली. पुढची आठ वर्षं तो मला शिकवत राहिला.

मी गळ टाकायला शिकले ती बाससाठी. गोरे लोक तोंड वासून 'बॅस' म्हणतात. माझ्या वसईच्या जिभेवर तो बासच झाला. हिरवट अंगाचा, वीत-दीड वीत लांबीचा, भांडखोर मासा. तो गळाला लागला की मान झटकत पाण्याबाहेर उडी मारतो, आणि मला तो त्याच्या या रागीटपणासाठीच आवडला. होडीजवळ आला की जाळीबिळी लागत नाही. पाण्यात हात घालायचा, अंगठा त्याच्या तोंडात आणि बोट खाली हनुवटीला, की तो गप्प होतो. त्याचे दात नुसते खरखरीत, कानशीसारखे. दिवसभर मासे धरले की अंगठ्याचं कातडं सोलवटतं. सोमवारी की-बोर्डवर तो अंगठा चुरचुरला की मला बरं वाटायचं.

पण त्या तळ्यात बास एकटा नव्हता. पाइक होता, आणि मस्की होता. पाइक हातभर लांब, सुरीसारख्या दातांचा. मस्की त्याचाच मोठा भाऊ. मोठा झालेला मस्की माझ्या छातीपर्यंत उभा राहील. म्हाताऱ्यानं पहिल्याच उन्हाळ्यात बजावलं होतं, की या तळ्यात बास शोधायचा तर आधी बासला खाणारा कुठे आहे ते शोध. बास त्याच्यापासून लपतो, म्हणून जिथं मोठ्याला धावायला जागा नाही तिथं बास असतो. लाकडी धक्क्यांच्या खाली, पडलेल्या झाडांच्या फांद्यांत, दगडांच्या कपारीत, आणि पाणगवताच्या आतल्या बाजूला, जिथं ते केसांसारखं दाट असतं. गवत जिथं संपतं आणि पाणी एकदम खोल होतं, त्या कडेला मोठे दबा धरून असतात. कडेला मोठा बासही मिळतो, हे त्यानं कबूल केलं. पण तिथं एकामागून एक मासे लागत असताना सगळं अचानक थांबलं, तर गळ गुंडाळ आणि हात होडीत ठेव. कुणीतरी आलेलं असतं.

मी हे ऐकलं आणि तरी एकदा कडेला गेले होते. रॉडला झटका बसला, आणि पुढच्या क्षणी काहीच नाही. तंगूस कात्रीनं कापल्यासारखी तुटलेली. मी ती तुटलेली दोरी हातात धरून बराच वेळ बसले होते. खाली एवढं मोठं काहीतरी आहे आणि वर पाणी आरशासारखं, हे मला सहन होईना.

आई गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात बाबा माझ्याकडे आले. पंच्याहत्तरी ओलांडलेले, होडी विकलेली, गुडघे दुखरे, डोळे मात्र घारीचे. नवव्या मजल्याच्या बाल्कनीत उभं राहून त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, "वारा कुठला गो इथं?" मला सांगता आलं नाही. फोनवर बघून सांगितलं, तर ते माझ्याकडे नुसतं बघत राहिले.

मला त्यांच्याकडून एकच गोष्ट हवी होती, आणि ती मागण्याचं माझं वय कधीच उलटून गेलं होतं. मी होडी चालवते, मासा शोधते, मासा धरते. हे त्यांनी माझ्या होडीत बसून बघावं आणि मान डोलवावी. फार नको, एकदा. बावन्न वर्षांच्या बाईला हे सांगायची लाज वाटते, म्हणून मी त्यांना म्हटलं, "बाबा, तळ्यावर हवा छान असते."

ते आले. म्हाताऱ्यानं त्यांच्याशी हात मिळवला, त्यांच्या तळव्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. बाबांनी खाली वाकून पाण्याला बोटं लावली, कपाळाला लावून क्रूस केला, आणि बोट जिभेवर ठेवलं. "मीठ नाही," म्हणाले. मग, "वासही नाही." होडीत पाय ठेवताना त्यांनी तिच्या ॲल्युमिनियमच्या कडेवर टिचकी मारली. "ही होडी? भांडी घासायचं घमेलं आहे."

मी हसले. लागलं, पण हसले. बाबांनी फिशिंगचं लायसन्स काढायला नकार दिला होता, सरकारला विचारून मासा धरायचा हे त्यांना पटेना. त्यामुळे ते लाइफ जॅकेट घालून मागच्या फळीवर बसायचे, आणि वल्हवायची मी, गळ टाकायची मी.

पहिला मासा लागला तेव्हा मी नाव सांगितलं. "बास."

"काय?"

"बास. माशाचं नाव."

बाबा इतके हसले की होडी डुलली. "असलं नाव? मग आमच्या होडीवर एक जाळं वर आलं नसतं." मला वाटलं, काहीतरी जुना विनोद असेल. मी विचारलं नाही. मी खूश होते; माझ्या होडीत बसून बाबा हसत होते.

तेव्हापासून तो त्यांचा खेळच झाला. त्यांना पाण्यातलं माझ्या आधी दिसायचं. उन्हाची तिरीप, वाऱ्याच्या सुरकुत्या, काही आड यायचं नाही. मासा होडीजवळ आला, की मला दिसायच्या आतच मागून खणखणीत आवाज यायचा, "बास!" आणि बोट त्या दिशेला. मी वळून हात घालायचे आणि मासा तिथंच असायचा. तीन शनिवार असे गेले. त्यांचा आवाज आला की माझा हात विचार न करता पाण्यात जाई. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

पण मान काही डोलली नाही. घरी मी बासच्या तुकड्या आमच्याकडचा बाटली मसाला लावून तळल्या. काँडोतला स्मोक अलार्म बोंबलला, नवरा टॉवेल घेऊन त्याच्याखाली नाचला, आणि बाबा शांतपणे जेवले. "मसाला चांगला झालाय," म्हणाले. माशाबद्दल काही नाही. तिसऱ्या शनिवारी परतताना गाडीत मीच न राहवून विचारलं, "कसे वाटले मासे?"

"बरे आहेत. एवढे एवढेसे मासे आम्ही पोरांना खेळायला द्यायचो."

 पुढचे चाळीस किलोमीटर मी गाडी जरा जास्तच वेगात चालवली.

म्हणून चौथ्या शनिवारी मी कडेला गेले. कारण दुसरं काही नव्हतं. सकाळ झाली होती, ऊन अजून कोवळं होतं, पाणी हललेलंही नव्हतं. गवताच्या बाहेरच्या बाजूला, जिथं तळ दिसेनासा होतो, तिथं होडी उभी केली आणि गळ टाकला. पहिल्या अर्ध्या तासात तीन बास, एकाहून एक मोठा. मी तिसरा उचलून बाबांना दाखवला. ते किंचित पुढे सरकून बसले. तेवढंही मला पुष्कळ झालं.

मग सगळं थांबलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. गवताजवळ टिपटिप उडणारे बारीक मासेही दिसेनासे झाले. बाबा म्हणाले, "पाणी गप्प झालं." मला म्हाताऱ्याचं बजावणं आठवलं. नाही आठवलं असं खोटं कशाला लिहू. आठवलं, आणि मी अजून एकदा गळ टाकला, कारण बाबा पुढे सरकून बसले होते.

मासा लागला. जड होता. उडी न मारता सरळ खाली गेला, आणि मग उलट होडीकडेच पळत आला. बास असं करत नाही. त्याच्या मागे काहीतरी लागलं होतं, हे मला आता कळतं. तेव्हा एवढंच दिसलं की माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा बास होडीखाली शिरतोय. मी उजव्या बाजूला वाकले. पाण्यावर ऊन चमकत होतं, मला काही दिसेना.

आणि मागून आवाज आला, "बास! बास!"

मला झालेला आनंद मला अजून आठवतो. बाबांना तो दिसला. नऊ वर्षांच्या मला वाळूत ठेवून गेलेला माणूस माझ्या माशासाठी ओरडत होता. मी कोपरापर्यंत हात घातला. अंगठा बरोबर त्याच्या तोंडात गेला. मी हसत होते.

खालून काहीतरी लांब आणि हिरवं वर आलं. मी ते पाहिलं, पण त्याला मासा म्हणायला डोकं तयार होईना, कारण त्याचं टोक मला दिसत नव्हतं. मग जोरात दार आपटून हात फटीत सापडावा तसं झालं. दुखलं नाही. हात ओढला गेला, मी खांद्यापर्यंत पाण्यात गेले, होडी कलली, आणि तेवढ्यात ते सुटलं. बास गेला. पाण्यावर एक शेपूट दिसली, झाडूच्या रुंदीची, आणि पाणी पुन्हा सपाट झालं.

मी हात वर काढला आणि त्याच्याकडे बघत राहिले. बोटं कुणा दुसऱ्याची वाटत होती. रक्त मनगटावरून कोपराकडे धावत होतं, आणि तर्जनी एका विचित्र कोनात नुसती लोंबत होती. मी ओरडले नाही. मला फक्त आश्चर्य वाटत होतं, की एवढ्याशा गोड्या पाण्यात हे राहतं.

बाबांनी डोक्याचा रुमाल सोडून माझ्या मनगटावर आवळला, हात वर धरायला लावला, मला मागच्या फळीवर ढकललं आणि वल्ही घेतली. चार आठवड्यांत त्यांनी पहिल्यांदा वल्ह्यांना हात लावला होता. त्या घमेल्याला त्यांनी जे पळवलं ते मी कधी पाहिलेलं नाही. धक्क्यावर म्हाताऱ्यानं माझा हात बघितला, एकच शब्द उच्चारला, "मस्की," आणि ट्रकच्या चाव्या काढल्या.

गावातलं हॉस्पिटल वीस मिनिटांवर होतं. इमर्जन्सीत थोडी वाट बघावी लागली. थोड्या वेळानं दुखायला लागलं, आणि मग ते थांबेचना. नर्स आली आणि काय झालं म्हणून विचारू लागली. मी उत्तर द्यायच्या आत बाबा उभे राहिले. त्यांना मोजून पंचवीस इंग्रजी शब्द येत असतील. 

"आय टोल्ड हर," ते नर्सला म्हणाले. "आय टोल्ड. बास. बास."

नर्सनं माझ्याकडे पाहिलं. "हे बासनं केलं?" तिनं विचारलं, इंग्रजीत. "बास असं चावत नाही."

"नो, नो," बाबा म्हणाले. आणि त्यांनी हात पुढे करून तळवा उभा धरला, चौकातला पोलीस गाडी थांबवतो तसा. "बास."

मी त्या तळव्याकडे बघत राहिले.

खरंच सांगते, त्या क्षणी बोटाची कळ गेली. कानात काहीतरी फुटल्यासारखं झालं. बास म्हणजे बास. पुरे. थांब. लहानपणी भात वाढताना आई विचारायची, तो बास. दोन बहिणी भांडल्या की शेजारीण म्हणायची, तो बास. मराठीतलं तान्हं मूलही ज्या शब्दाला थांबतं तो शब्द माझा बाप माझ्या मागे बसून ओरडत होता, आणि मला मासा ऐकू आला. कोळ्याची मुलगी मी, घरात मराठी बोलणारी, लेकीनं इंग्रजीत उत्तर दिलं की तिच्यावर डाफरणारी.

"मी बास म्हणालो," बाबा मला म्हणाले. आवाजात राग होता. "दोनदा म्हणालो. तू हात घातलास."

"तू बास म्हणालास म्हणूनच घातला," मी म्हणाले.

त्यांना कळायला जरा वेळ लागला. मग त्यांचा चेहरा जसा बदलला, तसा मी आईच्या अंत्यविधीलाही पाहिला नव्हता. ते खुर्चीवर बसले. नर्सला वाटलं, आता यांनाच काही होतंय. तिनं त्यांना पाणी आणून दिलं.

बोट वाकवणारी दोरी, टेंडन, अर्धी तुटली होती. शिवली. टाके घातले, पट्टी बांधली, खाली धातूची पातळ फळी लावली. बोट राहील, पण पहिल्यासारखं मिटेल का ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाली. घरी आणायला नवरा आला. लेकीनं फोनवर 'ओ माय गॉड, ममा' असं चार वेळा म्हटलं, आणि मग रडली.

बाबा सकाळी बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचे ते जेवायलाच आत यायचे. परतीचं तिकीट तीन आठवड्यांवर होतं. मला आधी वाटलं, वाईट वाटतंय त्यांना, जाईल. मग माझ्या लक्षात आलं, की जेवताना भात वाढला की ते 'पुरे' म्हणतात. चहा ओतताना 'पुरे'. मला वाटलं, त्या शब्दाचा त्यांनी धसका घेतला. एके दुपारी मी विचारलंच.

"बाबा, बास म्हणायचं सोडलंस तू?"

"मी कधी म्हणत होतो घरात?"

मी आठवायला लागले. जेवणाचं पान, चुलीजवळ आई, वाढणारा हात. बास म्हणायची ती आई. बास म्हणायचो आम्ही मुलं. बाबा नेहमी पुरे म्हणायचे. एवढी वर्षं त्यांच्यासमोर जेवले आणि हे कधी कानात शिरलं नव्हतं.

ते रस्त्याकडे बघत बोलले. खाली बस वळत होती, तिच्याकडे. "होडीवर बास एकालाच म्हणता येतं. तांडेलाला. जाळं ओढताना कुणाचं बोट दोरीत गेलं, कुणाचा पाय अडकला, की तांडेल बास म्हणतो. मग ज्याच्या हातात जे असेल ते तिथंच थांबतं. विचारायचं नाही, वळून बघायचं नाही. म्हणून तो शब्द होडीवर दुसरीकडे वापरत नाहीत. चहाला नाही, भांडणात नाही, थट्टेत तर नाहीच. पोरं पहिल्या दिवशी शिकतात ती हेच. घरातही मग माझी जीभ वळायची नाही."

मग त्यांचा तो पहिल्या दिवशीचा विनोद मला कळला. असलं नाव असतं तर एक जाळं वर आलं नसतं. सारखे सगळे थांबतच राहिले असते. मी तेव्हा विचारलं नव्हतं.

"मी कुठून शिकणार?" मी म्हणाले. आवाज चढला माझा, चढू दिला. "मला तू वाळूत ठेवलंस."

"व्हय," ते म्हणाले. "होडीवर घेतलं असतं, तर तुझा हात थांबला असता."

मी काही बोलणार होते, पण त्यांचं संपलं नव्हतं. "ते एक. दुसरं त्याहून वाईट आहे गो. मी त्या शब्दाशी खेळलो. साठ वर्षं ज्याच्याशी कुणाला खेळू दिलं नाही, त्याच्याशी मी खेळलो. माशाचं नाव म्हणून ओरडत बसलो. का? मी तुझ्या होडीला होडी धरलंच नाही. घमेलं म्हटलं. होडी धरलं असतं, तर तोंडातून तो शब्द आला नसता, थट्टेत."

आठ वर्षं मी ज्या कबुलीसाठी गळ टाकत होते, ती अशी येईल असं मला वाटलं नव्हतं. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. मला नऊ वर्षांचं झाल्यासारखं वाटलं, आणि या वेळी रडू रागाचं नव्हतं. बाबांनी माझ्या पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहिलं, आणि मग पुन्हा रस्त्याकडे.

त्यांच्या जाण्याआधीच्या शनिवारी सकाळी मी उठले, तर ते बूट घालून दाराशी बसले होते. "तळ्यावर जायचं," म्हणाले. मी म्हटलं, "माझ्या हाताला फळी बांधलीय, मी ना वल्हवू शकत, ना गळ टाकू शकत."

"मासे कुठं आहेत ते शोधायला हात लागतो?"

म्हाताऱ्यानं तीच होडी दिली. पाणी तसंच सपाट, तसंच निरागस दिसत होतं, आणि खाली ते असणार होतं. बाबांनी पाण्याला बोटं लावून क्रूस केला. होडीच्या कडेला हात लावून तो हात कपाळाला लावला. होडीला असा मान त्यांनी आधीच्या चार शनिवारी दिला नव्हता. मग त्यांनी मला हाताला धरून होडीत चढवलं. स्वतः वल्ह्यांशी बसले, माझ्याकडे तोंड करून, म्हणजे त्यांची पाठ पुढच्या पाण्याकडे. वल्हवणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही. ते दुसऱ्यानं सांगायचं असतं.

धक्का सुटला. दोन वल्ही मारून ते थांबले.

"कुठं घेऊ, तांडेल?"

मला वाटलं, चिडवतात. मी चेहरा नीट पाहिला. चिडवत नव्हते. ते खरंच उत्तराची वाट बघत होते, मान जरा वाकवून, त्यांचे खलाशी त्यांच्यापुढे उभे राहायचे तसे.

मी डाव्या हातानं दाखवलं. कडेला नाही, आतल्या बाजूला, पडलेल्या झाडाकडे, जिथं गवत दाट आहे आणि मोठ्याला धावायला जागा नाही. त्यांनी होडी वळवली. तिकडे जायची वाट मात्र गवताच्या कडेकडेनंच होती. तीन आठवड्यांपूर्वीची ती जागा जवळ आली तशी माझी बोटं पट्टीच्या आत ठणकायला लागली. मी खाली पाहिलं. पाण्यात, होडीपासून दोन हातांवर, तो होता. हलत नव्हता. पाण्याच्या रंगाचा, होडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, कल्ले हळूहळू उघडत-मिटत. बाबांचं उजवं वल्हं बरोबर त्याच्या डोक्यावर उतरणार होतं, आणि बाबांना तो दिसत नव्हता. मासा खवळला असता तर वल्हं गेलं असतं, होडी कलली असती, आणि माझा एक हात निकामी होता.

मी मोठ्यानं बोलले नाही. तशी गरजही नव्हती.

"बास."

दोन्ही वल्ही पाण्याच्या वर, जिथं होती तिथंच थांबली. बाबांनी वळून पाहिलं नाही, काय झालं ते विचारलं नाही. वल्ह्यांच्या पात्यांवरून पाणी ठिबकत होतं, आणि ते माझ्या तोंडाकडे बघत, श्वास धरून, मी पुढे काय सांगते त्याची वाट बघत होते.